पिसांतला साबण

तळ्याकडे उतरत जाणाऱ्या रस्त्यावर, डाव्या हाताला, एक लाँड्री होती आणि तिची मालकीण सगळ्या गावाची वहिनी होती. ज्याच्यामुळे ती वहिनी झाली, तो नवरा केव्हाच दुसऱ्या शहरात दुसरा संसार थाटून बसला होता. पण नाव मागे राहिलं. आणि नावाबरोबर सासरेही मागे राहिले.

हे सासऱ्यांचं प्रकरण गावाच्या बरेच दिवस पचनी पडलं नव्हतं. मुलगा बॅग भरून निघून गेला त्या संध्याकाळी म्हातारा आपल्या खोलीतून बाहेर आला, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि सुनेला म्हणाला, "त्याच्याकडे मी जाणार नाही. तू ठेवून घेशील तर इथेच राहीन. नाहीतर बघतो कुठेतरी." वहिनी भांडी घासत होती. तिने मान वळवूनही पाहिलं नाही. "चहात साखर अर्धा चमचाच घालणार हं, डॉक्टरांनी बजावलंय," एवढंच म्हणाली. झालं. त्या विषयावर दोघांत पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

पुढे वहिनीने घराच्या तळमजल्यावर एका जुन्या मशीनवर लाँड्री सुरू केली. हात इतके भाजायचे, पोळायचे, सोलवटायचे की रात्री साधं बटणसुद्धा लावता येत नसे. म्हणून बटणांचं काम सासऱ्यांनी, ज्यांना ती बाबा म्हणायची, आपल्याकडे घेतलं. गिऱ्हाइकाच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं की ते न विचारता लावून टाकत, आणि रंग जुळला नाही तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाशी हुज्जतही घालत. "अहो, पोटावरचं बटण आहे, टायखाली कोण बघतंय?"

बाबा निवृत्त बस-ड्रायव्हर. सगळी हयात स्टिअरिंगवर गेलेली. रस्त्याने पायी चालतानाही वळणावर त्यांचा हात आपोआप बाहेर यायचा आणि मागून येणारे लोक खरंच थांबायचे. रोज सकाळी एक घडीचं स्टूल काखेत मारून ते तळ्यावर जात आणि परत आले की बातमीपत्र सुरू. तळ्यातल्या पाणकणसांच्या उंच गवतात टिबुकल्यांची एक जोडी राहत होती. मुठीएवढा पाणपक्षी, बदकाच्या धाकट्या भावंडासारखा, क्षणात बुडी मारणारा. बाबांना ती जोडी म्हणजे शेजारी राहायला आलेलं कुटुंबच वाटायचं.

"आज काय म्हणतायत तुमची मंडळी?" वहिनी इस्त्रीवरून डोळे न उचलता विचारायची.

"काय म्हणणार! नवरा काड्या आणतोय, बायको फेकून देतेय. पसंत पडत नाहीत तिला."

"शहाणी आहे."

"पिल्लं झाली की पाठीवर घेऊन हिंडते बघ. फुकट पास सगळ्यांना."

वहिनीने ती टिबुकली कधी नीट पाहिली नव्हती. वेळ कुणाला होता? गावातल्या एका लॉजच्या चादरी तिच्याकडे यायला लागल्या, मग दवाखान्याच्या. एक मोठं मशीन आलं. इस्त्रीला एक मावशी ठेवली. तेलाचा, शाईचा, गंजाचा, कसलाही डाग वहिनी काढू शकते अशी ख्याती झाली. शेवटच्या पाण्यात ती दोन सुगंधी द्रवांचं आपलं असं एक मिश्रण घालायची. त्याला कोवळ्या लिंबाच्या पानांसारखा वास येई. बँकेत रांगेत उभं असताना पुढच्या माणसाच्या पाठीला तो वास आला, की वहिनीला ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटायचं.

मोठं मशीन आलं त्याच वर्षी तळ्यावर फेस दिसायला लागला. आधी काठाशी, साबणाच्या पाण्यावर असतो तसा. मग वारा सुटला की त्याचे पांढरे पुंजके रस्त्यापर्यंत उडत यायला लागले. पोरांना गंमत वाटली, मोठ्यांनी नाकं मुरडली. पलीकडच्या टोकाला रंगाचा एक कारखाना होता, त्यामुळे गावाने फारसा विचार न करता बोट तिकडे दाखवलं.

आणि गंमत म्हणजे, नेमक्या त्याच सुमारास बाबांची बातमीपत्रं बंद पडली. तळ्यावर जात होते, पण परत आले की गुपचूप बटणांचा डबा घेऊन बसत.

"मंडळी कशी आहेत?"

"आहेत."

"भांडणं मिटली का?"

"गुडघा दुखतोय गं आज," ते म्हणायचे. गुडघ्याचा इथे काय संबंध, ते वहिनीला कळायचं नाही. वय झालं, असं म्हणून तिने सोडून दिलं. त्याच दिवसांत तिच्या गाठोड्यातले जुने उशांचे अभ्रे एकेक करून नाहीसे व्हायला लागले. त्यावरून ती मावशीला जरा टाकूनही बोलली. मावशी फणकारल्या, "मी काय करू तुमच्या फाटक्या अभ्र्यांचं, लोणचं?" तेव्हा बाबांना अचानक ठसका लागला आणि ते पाणी प्यायला आत गेले.

एक दिवस दुपारी शाळेतल्या निवृत्त विज्ञानशिक्षिका लाँड्रीत आल्या. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. तळ्यासाठी त्यांनी लोक गोळा केले होते. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा होती, नगरपालिकेचे साहेबही येणार होते.

"तुम्ही बोलायला हवं," बाई बाबांना म्हणाल्या. "रोज तिथे बसणारे तुम्ही एकटे. फेस कुठून सुरू होतो, कधी वाढतो, हे तुमच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही."

बाबांनी सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा काही जाईना. "मला काही ठाऊक नाही," ते म्हणाले. "मी आपला पक्षी बघत असतो."

"अहो बाबा, बोला की!" वहिनी मशीनच्या आवाजावरून ओरडली. "ठोका म्हणावं त्या कारखान्याला टाळं. आपल्या तळ्याची वाट लावली मेल्यांनी."

"कारखान्याचं पाणी आम्ही तपासून आणलं," बाई म्हणाल्या. "त्यात रंग सापडला, तो वेगळा विषय. पण हा फेस साबणाचा आहे."

"मग कुणीतरी साबण सोडत असेल," वहिनी म्हणाली आणि ओल्या चादरींचा भारा उचलून वाळवणीच्या मशीनकडे गेली. आपण काय बोललो, ते तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. बाबांनी मात्र सुई खाली ठेवली.

त्यानंतर दोनच दिवसांनी बाबा सकाळी नेहमीपेक्षा लवकर परतले. अंगात नुसतं बनियन होतं. शर्ट काढून त्यात काहीतरी गुंडाळून छातीशी धरलेलं. पायातल्या चपला चिखलाने माखलेल्या, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"काय झालं? पडलात का?"

"मी ठीक आहे. हिला बघ."

शर्टाच्या घडीतून एक इवलंसं डोकं बाहेर आलं. टिबुकली. पण पक्षी असा दिसत नाही, एवढं वहिनीलाही कळत होतं. पिसं अंगाला चिकटून गेलेली, जणू कुणी बुडवून पिळून काढलंय. सगळं अंग थरथरत होतं.

"पाण्यातला पक्षी ना हा? मग भिजला कसा?" तिने विचारलं.

"यांच्या पिसांना तेल असतं. पाणी आत शिरत नाही त्यामुळे. तेल गेलं की पिसं पाणी पितात. काठाशी बुडत होती गं. बुडी मारत नव्हती, बुडत होती."

वहिनीने ओंजळ पुढे केली. पक्ष्याचं वजन लागलंच नाही, नुसतं त्याचं काळीज लागलं, तळहातावर टकटक करणारं. तिने त्याला उबेसाठी तोंडाजवळ आणलं आणि ती जागच्या जागी थांबली.

कोवळ्या लिंबाच्या पानांचा वास.

तिने पुन्हा नाक जवळ नेलं. चिखलाचा वास होता, शेवाळाचा होता, आणि त्या सगळ्याच्या वर, बँकेतल्या रांगेत कुणाच्याही पाठीवर ओळखता येणारा तो वास होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली. "हे आपलं आहे."

"आधी तिला ऊब दे."

"हे आपलं पाणी आहे, बाबा."

"आधी तिला ऊब दे, पोरी. मग मला हवं तेवढं बोल."

वहिनीने बाईंना फोन केला आणि त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना गाठून दिलं. डॉक्टरांनी सांगितलं, कोमट स्वच्छ पाण्याने साबणाचा अंश न् अंश निघेपर्यंत खळबळा, मग उबेत ठेवा, बाकी ती स्वतः चोचीने पिसं नीट करील. पिसांवर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे राहायला लागले की समजा बरी झाली. वहिनीने फोन ठेवला आणि बाह्या सरसावल्या. डाग काढायला लागतं त्याच्या कितीतरी पट पाणी मागचा साबण काढायला लागतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती पसरट टबात पाणी घेई, पक्ष्याच्या पिसांतून बोट हलकेच फिरवी, पाणी ओती, पुन्हा घेई. बाबा किटलीने कोमट पाणी आणून देत होते. पाण्यावर फुगा दिसेनासा झाला तेव्हा कुठे तिने पक्ष्याला धुतलेल्या मऊ पंच्यात घेतलं, खोक्यात ठेवलं आणि खोकं वाळवणीच्या मशीनपासून बेताच्या अंतरावर सरकवलं.

मग ती जमिनीवरच बसली. बाबाही समोरच्या स्टुलावर टेकले.

"कधीपासून ठाऊक आहे?"

"मोठं मशीन आलं तेव्हापासून." बाबा आपल्या चिखलाच्या चपलांकडे बघत होते. "पाणकणसांच्या मागे एक पाइप निघतो, पावसाच्या पाण्याचा. कोरड्या दिवसांत त्यातून पाणी यायचं कारणच नाही. पण तू मशीन लावलंस की यायचं. मी दोन-तीनदा ताडून बघितलं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"अभ्रे बांधत होतो पाइपाच्या तोंडाला. आत पेंढा भरून. वाटलं, थोडाफार फेस अडेल. रोज सकाळी जुना सोडायचा, नवा बांधायचा."

एरवी वहिनी हसली असती. मावशींची माफी मागायला हवी, हेही तिच्या मनात येऊन गेलं. पण ओठ हलले तेव्हा भलतंच बाहेर आलं.

"या घरात एकाने माझ्यापासून सगळं लपवलं होतं, बाबा. मला सगळ्यात शेवटी कळलं. गावाला आधी कळलं. आणि तुम्हीसुद्धा लपवायला लागलात?"

म्हाताऱ्याच्या तोंडावर कुणीतरी मारल्यासारखं झालं. खोक्यात पक्षी हलला, पंचा जरा खसफसला.

"कुठल्या तोंडाने सांगणार होतो?" ते शेवटी म्हणाले. "माझ्याच पोराने तुला वाऱ्यावर सोडलं. तू हाताची सालं काढून हे उभं केलंस, मी डोळ्यांनी बघितलंय. त्यात मी येऊन सांगायचं, की तुझ्या या लाँड्रीतच खोट आहे? तुझंच खायचं आणि..."

"खाण्याचं बोलू नका."

"बरं, नाही बोलत." त्यांनी बनियनच्या कडेने नाक पुसलं. "आणि दुसरं म्हणजे भीती वाटली. लाँड्री बंद पडली, तर तू हे गाव सोडून माहेरी जाशील. तुला तिथे भाऊ आहे, सगळं आहे. मग मी कुठे जाऊ?"

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत हा माणूस रोज सकाळी तिच्या आधी उठून दुकानाचं शटर वर करत होता, गिऱ्हाइकांशी भांडत होता, अर्ध्या चमच्याच्या चहाला नावं ठेवत होता. आणि मनात हे घेऊन हिंडत होता.

"मी कुठेही निघाले, तरी बॅगेत आधी तुमचा बटणांचा डबा पडेल," ती म्हणाली. "एवढंसुद्धा कळत नाही तुम्हाला? आणि जातंय कोण? उठा. ओले कपडे बदला आधी. मग तो पाइप दाखवा मला."

त्या दुपारी वहिनीने मशीनच्या सांडपाण्यात चमचाभर नीळ टाकली. बाबा मोबाइल कानाला लावून पाणकणसांजवळ उभे. इकडे मशीनने पाणी सोडलं. मग बाबांचा आवाज आला, सवयीने, डेपोत सांगावं तसा, "आली. निळी गाडी आली."

यात हसण्यासारखं काही नव्हतं. वहिनीने मशीनचं बटण बंद केलं.

"अहो, लॉजच्या चादरी संध्याकाळी द्यायच्यात!" मावशी म्हणाल्या.

"परत पाठवा. म्हणावं, दुसरीकडे टाका. आणि मावशी, अभ्र्यांवरून मी तुम्हाला बोलले, ते चुकलं माझं."

"मग कुणी नेले?"

वहिनीने दारातून येणाऱ्या बाबांकडे नुसतं पाहिलं. "म्हातारपणी चोरी!" मावशी म्हणाल्या, आणि सगळा प्रकार कळल्यावर स्वतःच डोळे पुसायला लागल्या.

ज्याने मशीन बसवलं होतं तो प्लंबर दुसऱ्या दिवशी आला. त्याला यात काही विशेष वाटलं नाही. "गटाराची लाइन रस्त्याच्या पलीकडे, वहिनी. तिथवर न्यायचं म्हणजे अख्खी फरशी फोडायची, रस्ता खणायचा. पावसाची नाली भिंतीला लागूनच होती, दिली जोडून. सगळे असंच करतात."

"सगळे म्हणजे कोण कोण?"

"म्हणजे... आता कुणाकुणाची नावं घेऊ?" प्लंबरने मान खाजवली.

"नको घेऊस. माझी फरशी फोडायला कधी येतोस ते सांग."

ते दिवस लाँड्रीत फार विचित्र गेले. मशीनं बंद असल्यामुळे घरात एवढी शांतता, की टिबुकलीने खोक्यात कूस बदलली तरी वरच्या मजल्यावर ऐकू यावं. बाबा तिच्यासाठी बाजारातून बारीकसारीक मासळी आणत. ती आधी तोंडच लावेना. मग एका सकाळी वहिनीने टबात पाणी भरून त्यात एक मासा सोडला, टिबुकलीला पाण्यावर ठेवलं आणि दोघं दाराआड लपून बघत राहिली. टिबुकलीने इकडेतिकडे बघितलं. मग एक छोटीशी बुडी. वर आली तेव्हा चोच रिकामी होती आणि मासाही नव्हता.

"गिळला!" बाबांनी वहिनीचा दंड एवढ्या जोरात आवळला, की ती कळवळली.

अजून पाठीवरची पिसं मात्र भिजत होती. वहिनी रोज चिमटीने पाण्याचा थेंब टाकून बघे. थेंब आत जिरला की दोघांची तोंडं उतरत.

रविवारी सभा होती. वहिनीने सकाळी बाबांना सांगितलं, "तुम्ही नाही आलात तरी चालेल." बाबांनी घरातला सगळ्यात बरा शर्ट स्वतः इस्त्री करून घातला. त्याच्या बाहीला वहिनीला एक नवी चुणी दिसली, ती तिने तशीच राहू दिली.

हॉल भरला होता. साहेब कारखान्याबद्दल बोलले, अहवालाबद्दल बोलले. मग बाईंनी विचारलं, "आणखी कुणाला बोलायचंय?" वहिनी उभी राहिली. 

"फेस माझा आहे," ती म्हणाली.

काही लोक हसले. त्यांना वाटलं, काहीतरी विनोद आहे.

"माझ्या लाँड्रीचं पाणी पावसाच्या नालीत सोडलं होतं. मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक करून घ्यायचं माझं काम होतं. मशीनं मी बंद केलीत. फरशी फोडून पाइप गटाराला जोडतेय. तोपर्यंत लाँड्री बंद राहील. एवढंच."

हसू थांबलं. पुढच्या रांगेतला औषधाच्या दुकानाचा मालक वळून म्हणाला, "वर्षभर आम्ही नाक दाबून चालतोय. माझ्या नातवाच्या अंगाला खाज सुटली पाण्यात खेळून. आणि तुम्ही कारखान्याला शिव्या घालत होतात!"

"हो," वहिनी म्हणाली.

तेवढ्यात शेजारची खुर्ची करकरली. बाबा उठले. "तिला ठाऊक नव्हतं. मला होतं, वर्षभर. मी गप्प बसलो. बोलायचं तर मला बोला. आणि आमच्या लाँड्रीबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा, शटर मी उघडतो."

'आमच्या' हा शब्द वहिनीने त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. ते नेहमी 'तुझी लाँड्री' म्हणत. ती खाली बघायला लागली, कारण वर बघितलं असतं तर सगळ्या गावासमोर रडू फुटलं असतं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "दोघंही बसा," वर्गात म्हणत तशाच सुरात त्या म्हणाल्या. "हिंमत झाली, चूक कळली. आता कामाचं बोलू. ज्या प्लंबरने तिथे जोडलं, त्याने आणखी कुठे कुठे जोडलंय?"

हॉलमध्ये मागच्या बाजूला गाड्या धुण्याच्या गॅरेजचा मालक बसला होता. त्याने घड्याळात बघितलं आणि हळूच बाहेर सटकला. पण पुढच्या आठवड्यात प्लंबरची मोटरसायकल त्याच्या दारात उभी असलेली बाबांना दिसली, आणि ही बातमी त्यांनी जुन्या उत्साहाने घरी आणली.

फरशी फुटली. सगळ्या घरात सिमेंटची धूळ झाली, भाजीपासून उशीपर्यंत. लॉजच्या चादरी गेल्या त्या गेल्याच. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, "थांबते मी, पण फार नको." शेवटचं सुगंधी पाणी वहिनीने बंदच केलं, आणि साबणही सौम्य घेतला. त्याने डाग निघायला वेळ लागतो. पुढे लाँड्री सुरू झाल्यावर एक गिऱ्हाईक शर्ट हुंगून म्हणालं, "वहिनी, धुतल्यासारखा वासच येत नाही." वहिनी म्हणाली, "कारण नुसता धुतलाय." ते गिऱ्हाईक नंतर आलं नाही. काही आली, काही नाही आली. महिन्याच्या शेवटी हात आखडता घ्यावा लागे, पण शटर रोज वर जात होतं.

पण हे सगळं नंतरचं. पाइप अजून अर्धाच टाकून झाला होता, तेव्हा एका सकाळी वहिनीने टिबुकलीच्या पाठीवर थेंब टाकला आणि तो जिरला नाही. गोल, चकचकीत, तसाच उभा राहिला. मग घरंगळून खाली पडला. तिने दुसरा टाकला. तोही घरंगळला.

"बाबा!" तिने अशी हाक मारली की ते दाढीचा साबण गालावर ठेवूनच धावत आले.

दोघं तळ्यावर गेली. वहिनी कैक वर्षांनी एवढ्या खाली, अगदी काठापर्यंत उतरली होती. पाइपाचं तोंड कोरडं पडलं होतं. गॅरेजच्या बाजूच्या कोपऱ्यात अजून थोडा फेस होता, पण मधलं पाणी स्वच्छ, गडद दिसत होतं. पाणकणसांच्या आतून मधूनच एक कंपणारी लांबलचक शीळ ऐकू येत होती.

"तो आहे," बाबा कुजबुजले. "रोज असाच बोलावतो."

"रोज? मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू ती बरी व्हायच्या आधीच सोडून आली असतीस."

हे खरं होतं. तिने खोकं बाबांच्या पुढे केलं. बाबांनी मान हलवली. "तू सोड. धुतलीस तू."

वहिनी गुडघ्यापर्यंत पाण्यात गेली, वाकली आणि ओंजळ उघडली. टिबुकली क्षणभर तिच्या हातावरच तरंगत राहिली. मग काही न सांगता, मागे वळूनही न बघता, बुडाली.

"गेली कुठे?"

"येईल वर."

दोघं पाण्याकडे टक लावून राहिली. वहिनी एका ठिकाणी बघत होती, बाबा दुसऱ्याच. "तिथे!" ती म्हणाली, तिथे नुसतं पान होतं. एवढा वेळ पाण्याखाली? पिसं पुन्हा भिजली तर नसतील? आणि मग भलत्याच ठिकाणी, पार मध्यावर, पाणी उकललं आणि ते एवढंसं डोकं वर आलं. कोरडं, फुगलेलं, ताठ. पाणकणसांतून दुसरं डोकं बाहेर आलं. शीळ थांबली आणि त्या जागी दोघांचा एकच कलकलाट सुरू झाला.

"भांडतायत का?" वहिनीने विचारलं.

"नाही गं. विचारतोय तो, एवढे दिवस होतीस कुठे."

वहिनीने ओल्या कपड्यांनिशी काठावर बसकण मारली. बाबाही तिच्या शेजारी, स्टूल नव्हतं म्हणून गवतातच टेकले. बराच वेळ दोघं बघत राहिली. दाढीचा साबण त्यांच्या गालावर वाळून कडक झाला होता.

"अजून रागावलीयस?" बाबांनी विचारलं.

"हो."

"बरं."

"पण तो विषय गॅरेजवाल्याचं झाल्यावर काढू. आज दुपारी बाईंबरोबर त्याच्याकडे जायचंय मला. तुम्ही पण चला."

"चलतो की," बाबा म्हणाले, आणि पाण्यावर चाललेल्या त्या कलकलाटाकडे पुन्हा बघायला लागले.